गाडी कसाऱ्याला थांबते, पण कसाऱ्यासाठी नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तेव्हापासून एक वाक्य आपल्या ठाणे आवृत्तीत आणि इतरत्रही इतक्या वेळा वाचले की पाठ झाले आहे: ‘कसारा घाटाच्या कटकटीतून कायमची सुटका.’ मी कसाऱ्याची. ज्या कटकटीतून बाकीच्यांची सुटका झाली, तिच्या पायथ्याशी आमचे गाव वसलेले आहे. म्हणून हे पत्र.

गैरसमज नको, बोगद्याला माझा विरोध नाही. सुमारे आठ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे, खुला झाला तेव्हा राज्यातला सर्वांत लांब रस्ता-बोगदा. घाटात अडकायची वेळ आली की अर्धा दिवस कसा जातो, हे आमच्याइतके कुणी पाहिलेले नसेल. तिथे आता आठ मिनिटे लागतात, चांगलेच आहे. फक्त एवढे लक्षात असू द्या की १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे याच रस्त्याच्या कामावर, आमच्याच शहापूर तालुक्यात सरळांबे येथे गर्डर बसवणारे अजस्र यंत्र कोसळून वीस कामगार गेले. उद्घाटनाच्या कौतुकात ते नाव मला तरी कुठे दिसले नाही.

माझे म्हणणे मुख्यतः रेल्वेबद्दल आहे. रस्त्याने जे आता झाले ते रुळांवर हळूहळू गेली काही वर्षे चालू आहे, आणि तिथे अजून काही करता येण्यासारखे शिल्लक आहे.

मी नौपाड्यातल्या एका कार्यालयात हिशेब लिहिते. रोज कसारा-ठाणे, एका बाजूने सुमारे ८७ किलोमीटर, पावणेदोन तास, तेही लोकल वेळेत असली तर. वडील रेल्वेत पॉइंट्समन होते, म्हणजे इंजिने-डबे जोडणारे; आजोबाही रेल्वेतच, खलाशी. भावाचे लतिफवाडीच्या पुढे जुन्या मुंबई-नाशिक महामार्गावर चहा-मिसळीचे हॉटेल आहे. म्हणजे आमच्या घरात तीन पिढ्या घाटाचेच खातात. गावात बहुतेकांचे असेच आहे. कुणी रेल्वेत, कुणाची नाशिकची काळी-पिवळी, कुणाचे गॅरेज, कुणाचे पंक्चर, कुणाचा ढाबा. स्टेशनबाहेर पडले की ‘नाशिक, नाशिक, एक सीट, एक सीट’ असा जो गलका होतो तो मुंबईच्या कितीतरी लोकांनी ऐकला असेल. कसाऱ्यापर्यंत लोकलने यायचे आणि पुढे टॅक्सी धरायची, ही जुनी रीत आहे. (ती एक सीट कधीही एक नसते. शेवटचा प्रवासी येईपर्यंत टॅक्सी हलत नाही.) शेती आहे, पण पावसाळ्यातल्या भाताची. दिवाळीनंतर पाड्यांवरची माणसे वीटभट्टीला जातात.

आता मूळ मुद्दा. मुंबईकडून नाशिककडे जाणारी लांब पल्ल्याची जवळपास प्रत्येक गाडी कसाऱ्याला थांबते. आमच्यावरच्या प्रेमाने नव्हे. इथून इगतपुरीपर्यंत चौदा-पंधरा किलोमीटरच्या अंतरात गाडीला जवळजवळ ३०० मीटर वर चढायचे असते. ३७ मीटर पुढे गेले की एक मीटर वर, असा तो चढ आहे. देशातल्या ब्रॉडगेज मार्गांवरच्या सर्वांत खड्या चढांपैकी एक. पुढचे इंजिन एकटे ते ओढू शकत नाही. म्हणून मागून इंजिने लावतात. त्यांना बँकर म्हणतात. दोन, कधी तीन. इगतपुरीला ती सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी पुन्हा खाली येतात. दिवसरात्र हेच चालते. बाहेरच्या माणसाला हे सांगावे लागते. आमच्याकडे ‘बँकर लागला का?’ हे ‘जेवण झाले का?’ इतक्या सहज विचारतात.

बँकर लावतात कसा, ते लिहिते, कारण त्यातच माझी मागणी आहे. गाडी फलाटाला येऊन उभी राहते. सायडिंगला थांबलेले बँकर मागून सरकत येतात आणि शेवटच्या डब्याच्या अलीकडे थबकतात. पॉइंट्समनचा हात किंवा हिरवी झेंडी दिसली की माणसाच्या चालीने पुढे येतात. जुने डबे होते तेव्हा बफरला बफर टेकला की वडील वाकून मधे शिरायचे, लोखंडाची जड कडी दोन्ही हातांनी उचलून डब्याच्या हुकात टाकायचे आणि स्क्रू फिरवून आवळायचे. मग ब्रेकच्या हवेचे पाइप जोडायचे. त्यांच्या खाकी शर्टाचा उजवा खांदा ग्रीसने कायम काळा असे. आई तो शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची आणि तरीही तो कधी उजळला नाही. आता नव्या डब्यांची कपलिंग टेकताच आपोआप अडकतात, खट् असा आवाज येतो. पाइप मात्र अजून हातानेच जोडतात. हवेचा दाब नीट आला, पुढच्या-मागच्या चालकांचे एकमेकांशी बोलणे झाले, शिट्ट्या झाल्या, की गाडी हलते. आजोबांच्या वेळी हेच काम लांब नाकाडाची इंजिने करत, ज्यांना सगळे रेल्वेवाले खेकडा म्हणत. ती १९२८ च्या सुमारास आली, घाटात वीज आली त्या वेळी.

या सगळ्याला काही मिनिटे लागतात. तेवढा वेळ गाडी फलाटाला लागून उभी असते, दारे उघडी असतात. आतले प्रवासी खाली उतरतात, पाय मोकळे करतात, वडापाव घेतात, बाटली भरून घेतात. फलाटावर उभा असलेला कसाऱ्याचा माणूस मात्र त्या गाडीचा प्रवासी नसतो. काही गाड्यांना कसारा हा नोंदलेला थांबा आहे, त्यांचे आभार. बाकीच्या गाड्या रेल्वेच्या भाषेत ‘तांत्रिक कारणासाठी’ थांबतात. इंजिनाला चढता येते, माणसाला नाही.

लोक चढतात, हे उघड आहे. नाशिकला कॉलेजला जाणारी मुले चढतात, बाजाराला जाणारे चढतात, मोखाड्याकडून खोडाळ्याच्या रस्त्याने जीपने इथवर आलेले चढतात. जनरलच्या डब्यात मुंबईहूनच मुंगीला शिरायला जागा नसते, दारातले लोक आत घेत नाहीत. मग स्लीपरच्या दारात उभे राहायचे आणि इगतपुरी येईपर्यंत तपासनीस येऊ नये अशी प्रार्थना करायची. आमच्या शेजारचे एक काका डायलिसिससाठी नाशिकला जातात. ते दंडाचे पैसे वेगळे काढून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवतात, औषधाचे जसे ठेवतात तसे. त्यांना मी एकदा म्हटले, ‘काका, टॅक्सीने का नाही जात?’ तर म्हणाले, ‘पोरी, येताना टॅक्सीच आहे. दोन्हीकडून परवडत नाही.’

येतानाची गोष्ट वेगळीच आहे. नाशिककडून येणारी गाडी उतारावर असते, तिला बँकरची गरज नाही, म्हणून बहुतेक गाड्यांना कसाऱ्याला थांबायचे कारण उरत नाही. उतरताना गाडी घाटात कॅच सायडिंगपाशी (ब्रेक निकामी झालेली गाडी वळवून थांबवायच्या रुळापाशी) थांबवतात, ब्रेक ताब्यात आहे याची खात्री करण्यासाठी. म्हणजे गाडी जंगलात थांबते, आजूबाजूला माकडे असतात. आणि आमचे स्टेशन आले की माणसे खिडकीतून आपले घर बघत पुढे जातात. कल्याणला उतरायचे, पूल ओलांडायचा, कसारा लोकलची वाट बघायची आणि ६७ किलोमीटर उलटे यायचे. संध्याकाळी एखादी लोकल चुकली तर पुढची कधी, ते विचारू नका. हे मी ऐकीव सांगत नाही, मी स्वतः लग्नाच्या साड्या घेऊन असे आले आहे.

अधिकृत थांबा का देत नाही, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: प्रवासी संख्या पुरेशी नाही. हिशेबाचे काम करणारी बाई म्हणून मला या उत्तराची फार गंमत वाटते. ज्या गाडीचा थांबा नोंदलेलाच नाही, तिचे कसाऱ्याहून आरक्षण निघत नाही. ज्याला हवे तो कल्याणहून तिकीट काढतो आणि चढतो कसाऱ्याला, म्हणजे आमचा प्रवासी कल्याणच्या वहीत जमा होतो. ज्याला ते जमत नाही तो टॅक्सीने जातो, म्हणजे कुठल्याच वहीत नाही. जो तसाच चढतो तो दंडाच्या पावतीत दिसतो. आणि मग कसाऱ्याच्या नावापुढे शून्य लिहून सांगतात, बघा, मागणी नाही! असा ताळेबंद मी माझ्या साहेबांपुढे ठेवला असता तर दुसऱ्या दिवशी मला नोकरी शोधावी लागली असती.

दुसरे नेहमीचे उत्तर असते की थांबा दिला तर गाडीचा वेळ वाढतो. इतर गावांसाठी हे खरे असेल. त्यांना थांबा म्हणजे वेग कमी करणे, उभे राहणे, पुन्हा वेग घेणे. इथे गाडी उभीच आहे. एक मिनिटही वाढत नाही. वेळापत्रकात एक ओळ वाढेल आणि तिकिटाच्या संगणकात एक नाव. इतकी स्वस्त मागणी रेल्वेकडे देशभरातून दुसरी आली असेल असे मला वाटत नाही.

आणि घाई का, तेही सांगते. हे थांबणेसुद्धा फार दिवस राहणारे नाही. जानेवारी २०१९ मध्ये मुंबई सीएसएमटी ते हजरत निजामुद्दीन राजधानी सुरू झाली आणि तिला पुढे-मागे दोन्हीकडे इंजिन लावून चालवायला सुरुवात झाली. तिला बँकर नको. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिर्डीची वंदे भारत आली, त्याच वर्षी ३० डिसेंबरला जालन्याची. या गाड्यांच्या डब्यांखालीच मोटारी असतात, त्या घाट तशाच चढतात. वडील निवृत्तीनंतरही संध्याकाळी फलाटावर जाऊन बसतात. पहिल्यांदा वंदे भारत न थांबता घाटाला लागली तेव्हा ते बाकावरून उठून उभे राहिले. घरी येऊन म्हणाले, ‘चढली गं. बिनमदतीची चढली.’ त्यांच्या बोलण्यात कौतुक होते, रेल्वेचा माणूस शेवटी. पण त्यांचे हात गुडघ्यांवर नुसतेच वरखाली होत होते.

शिवाय कसारा ते मनमाड तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेची योजना आहे. त्यात घाटाचा चढ शंभरास एक इतका सौम्य ठेवायचा आणि लांब बोगदे काढायचे, म्हणजे बँकरची गरजच राहणार नाही, असे वाचनात आले. होऊ द्या, देशाचा फायदा आहे. मालगाड्यांचा वेळ वाचेल, वीज वाचेल. पण त्या दिवसानंतर कसाऱ्याला गाडी थांबण्याचे एकही तांत्रिक कारण उरणार नाही. तोवर आमचे थांबे कागदावर आले नसतील तर नंतर मागायला आम्हाला तोंड कुठले? आज निदान ‘थांबलेलीच आहे की’ असे म्हणता येते.

थोडे मागचे सांगते, त्याशिवाय चित्र पुरे होत नाही. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली हे ठाणेकरांना सांगायला नको, दर एप्रिलला आपण ते छापताच. ती वाट कसाऱ्यापर्यंत आली १ जानेवारी १८६१ रोजी आणि घाट चढून इगतपुरीला पोचली १ जानेवारी १८६५ रोजी. मधली चार वर्षे लोखंडी रस्ता आमच्याकडे संपत होता. पुढे जाणाऱ्याने इथे उतरायचे आणि बैलगाडीने किंवा पायी थळ घाट, म्हणजे हाच कसारा घाट, चढायचा. तेव्हाच्या त्या चार वर्षांत कसारा गाव म्हणून जितके मोठे झाले असेल तितके त्याआधी कधी झाले नसावे, असे आपले मला वाटते. घाटाची वाट त्याहूनही जुनी. कल्याण-सोपाऱ्याचा माल याच खिंडीतून नाशिककडे जायचा, विहीगावजवळचा बळवंतगड तिच्यावर लक्ष ठेवायला उभा आहे. वरच्या टोकाला घाटनदेवी. अजूनही ट्रकवाला घाट उतरण्याआधी तिच्यापुढे हात जोडतो, मगच गिअर टाकतो.

एहेगावच्या १८२ फूट उंच पुलाचे फोटो काढायला शनिवार-रविवारी मुले येतात, पावसाळ्यात विहीगावच्या धबधब्याला झुंबड उडते. त्या दिवशी कसाऱ्याच्या लोकलमध्ये आम्हालाच जागा नसते. असो, येऊ देत. जाताना प्लास्टिक सोबत न्यावे एवढेच.

आता रस्त्याबद्दल. समृद्धीवर इगतपुरीनंतर गाडी चढवा-उतरवायची वाट आहे ती थेट शहापूरजवळ खुटघरला. मधे कसारा, खर्डी कुणालाच वाट नाही. दुचाकी-तीनचाकीला तर मुळातच बंदी. म्हणजे रस्ता आमच्या डोंगराच्या पोटातून जातो आणि आम्ही त्यावर जाऊ शकत नाही. भावाच्या हॉटेलावर ट्रक अजून येतात, टोल वाचवायला बरेचजण जुन्या घाटानेच जातात. लहान गाड्या मात्र दिसेनाशा झाल्या. सुट्टीच्या दिवशी सकाळी मिसळीला बसायला जागा नसायची, तिथे आता दुपारी बारानंतरही कट उरतो. भाऊ म्हणतो, ‘हॉटेल बंद नाही करायचं, पण पोराला यात नाही घालायचं.’ त्याचे बरोबर आहे. व्यवसाय कुठे चालेल हे बघणे त्याचे काम, सरकारने त्याला गिऱ्हाईक आणून द्यावे असे मी म्हणणार नाही.

करवंदांच्या बायांचे मात्र तसे नाही. एप्रिल-मे मध्ये पाड्यांवरच्या ठाकर, कातकरी बाया पहाटे जंगलात जातात, करवंदे, जांभळे तोडतात आणि पानांच्या द्रोणांत घालून रस्त्याच्या कडेला बसतात. काही फलाटावर येतात. बँकर लागतो तेवढ्याच वेळात त्यांचा धंदा. टोपली डोक्यावर, एका हातात द्रोण, दुसऱ्या हाताने खिडकीतून सुटे पैसे घ्यायचे, गाडी हलली तरी उरलेले पैसे परत करायला डब्याबरोबर धावायचे. धावताना पडलेली बाई मी पाहिली आहे, आणि पडूनही हात वर करून नोट खिडकीशी धरलेली. तिच्याकडे गुंतवणूक नाही, कर्ज नाही, पर्याय नाही. जंगल आणि थांबलेली वाहतूक, इतक्या दोन गोष्टींवर तिचा उन्हाळा निघतो. वाहतूक बोगद्यातून ताशी शंभरने गेली आणि गाडी बिनबँकरची गेली की करवंदे जंगलातच सुकतील. समृद्धीवर जिथे प्रवाशांसाठी थांबण्याच्या जागा आहेत किंवा होणार आहेत, तिथे शहापूर आणि इगतपुरी तालुक्यांतल्या बचत गटांना हंगामापुरते दोन-चार ओटे द्यायला काय हरकत आहे? चिप्सच्या पाकिटांना जागा मिळतेच की.

घाटात अपघात झाला की पहिले कोण पोचते, तेही एकदा छापा. ब्रेक गरम होऊन जळलेल्या लायनरचा वास लतिफवाडीपर्यंत येतो. तो वास आला की भाऊ हातातले काम टाकतो. हॉटेलच्या मागे दोर आणि मोठी बॅटरी कायम टांगलेली असते. गावची पोरे पावसात, धुक्यात दरीत उतरून माणसे वर आणतात. उलटलेल्या ट्रकमधला माल पळवणारेही असतात, नाही म्हणत नाही; पेपरात फोटो त्यांचाच येतो. वर आणलेल्या माणसाला न्यायचे कुठे, हा खरा प्रश्न. इथून शहापूर, तिथून ठाणे किंवा उलटे नाशिक. घाटाच्या पायथ्याशी, जिथे अपघात होतात तिथेच, हाड मोडलेल्या आणि रक्त वाहणाऱ्या माणसाला सावरता येईल असे सुसज्ज केंद्र असायला हवे ही मागणी जुनी आहे. बोगदा झाला म्हणून ती मागे पडू नये. जड वाहने अजून जुन्याच घाटाने उतरताहेत. शिवाय तेच केंद्र पाड्यावरून झोळीत घालून आणलेल्या बाळंतिणीलाही उपयोगी पडेल.

कल्याण-कसारा तिसऱ्या मार्गिकेबद्दल लिहीत नाही, त्यावर आपण वारंवार लिहिता. दहा वर्षांहून अधिक काळ तिचे काम ‘प्रगतिपथावर’ आहे. दोनच रूळ असल्यामुळे मेल पुढे काढायची म्हणून आमची लोकल आसनगाव-आटगावकडे सिग्नलला उभी करतात आणि मी ठाण्यात मस्टरवर लाल शेरा घेते. पाण्याबद्दलही लिहीत नाही. तानसा, भातसा आमच्याच तालुक्यात, ठाणे-मुंबईची तहान भागवतात, आणि एप्रिलमध्ये आमच्या पाड्यांवर टँकर येतो. त्याला स्वतंत्र पत्र लागेल.

तर मागणी एवढीच. मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या ज्या गाड्या बँकरसाठी कसाऱ्याला थांबतातच, त्यांचा थांबा प्रवाशांसाठीही नोंदवावा, निदान दिवसाच्या गाड्यांचा, आणि कसाऱ्याहून आरक्षण द्यावे. नाशिककडून येणाऱ्या संध्याकाळच्या आणखी दोन गाड्यांना दोन मिनिटे थांबवावे, म्हणजे गेलेला माणूस घरी येईल. सहा महिने चालवून पाहा. तिकिटे खपली नाहीत तर काढून घ्या, मी पुन्हा पत्र लिहिणार नाही. आणि नव्या मार्गिकेचा नकाशा पक्का होण्याआधी कसाऱ्याच्या ग्रामसभेत कुणीतरी येऊन तो भिंतीवर लावावा. लोक प्रश्न विचारतील, थोडा आरडाओरडाही होईल, पण नंतर तक्रार राहणार नाही.

आपल्या वार्ताहरांपैकी कुणी यायचे ठरवले तर ठाण्याहून सकाळी कसारा लोकल धरावी, डावीकडच्या खिडकीत बसावे आणि कसाऱ्याला उतरल्यावर फलाटाच्या मुंबईकडच्या टोकाला जावे. बँकर तिथेच लागतो. बाकावर पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ बसलेले असतील, ते माझे वडील. रेल्वेचे काहीही विचारा, सांगतील. गुडघ्याचे विचारू नका, वेळ फार जाईल.

कळावे,
आपली एक वाचक
कसारा, ता. शहापूर, जि. ठाणे

ता. क. पत्र लांबले आहे याची कल्पना आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर इतिहासाचा परिच्छेद काढा, धबधब्याचा काढा, हवे तर माझ्या मस्टरचाही काढा. तिकिटांच्या ताळेबंदाचा मात्र तसाच ठेवा.